वाद पुलाचा होता, पूल कुठे गेला? समाजमाध्यमांवरचा राजकीय वाद मुद्द्यावर कसा ठेवावा

मागे एका ग्रुपवर मी एक साधी पोस्ट टाकली होती. नव्या पुलाला दोन वर्षांत तडे गेले आहेत, कामाची तांत्रिक चौकशी व्हावी, एवढंच म्हणणं होतं. तीन तासांनी बघतो तर पासष्ट मेसेज. त्यातले निम्मे माझे आणि शाळेपासूनच्या एका मित्राचे. शेवटच्या चाळीस मेसेजमध्ये ‘पूल’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता. आधीचं सरकार आलं होतं, माझी नोकरी आली होती, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या होत्या, कुणाच्या घरातून कुठल्या पक्षाला मतं जायची तेही निघालं होतं. नंतर आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी, ग्रुपवर कधीच काही न लिहिणाऱ्या एका बाईंनी मला खासगीत विचारलं, “त्या पुलाचा तपासणी अहवाल कुठे बघायला मिळेल?”

पासष्ट मेसेज झाले, पण पुलासाठी वाचणाऱ्या त्या एका व्यक्तीला मी काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून मी असे वाद नीट बघायला लागलो. मुद्दा भरकटतो कसा, कुठल्या वळणावर, आणि तो परत आणता येतो का? जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

आधी ठरवा, हा वाद आहे की वितंडा

भारतीय न्यायशास्त्राने, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या शास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे केले आहेत. दोघांनाही खरं काय ते हवं असतं, तो वाद. जिंकणं हाच हेतू आणि त्यासाठी शब्दांचे डावपेचही चालतात, तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू मांडायची नाही, फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातली ही नेमकी खूण विसरतो. वितंडा घालणाऱ्याकडे स्वतःचं म्हणणंच नसतं.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा: “तुमच्या मते काय व्हायला हवं?” पुलाच्या बाबतीत समोरचा म्हणाला, “चौकशी नको, आधी दुरुस्ती करा,” तर त्याच्याकडे बाजू आहे, बोलता येईल. तो म्हणाला, “तुम्हाला काय कळतं त्यातलं,” आणि दुसऱ्यांदा विचारूनही तेच म्हणाला, तर तुम्हाला कळलं की तिथे उभं राहायला जमीनच नाही.

चरकसंहितेतही वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचा विचार आहे. तिथे संधाय संभाषा म्हणजे जुळवून घेत केलेली चर्चा आणि विगृह्य संभाषा म्हणजे विरोधाच्या पवित्र्यातली चर्चा, असे दोन भाग केले आहेत. दुसरीत उतरण्याआधी समोरच्याची आणि सभेचीही पारख करावी असं सांगितलं आहे. सभेची पारख हा भाग आपण पार सोडून दिला आहे. दोनशे जणांच्या ग्रुपवर समोरचा माणूस एक असतो आणि सभा एकशे अठ्ठ्याण्णवांची. समोरच्याचं मत तिथे, सर्वांदेखत, बदलण्याची शक्यता फार कमी. माणूस चारचौघांत माघार घेत नाही. वाचणारे मात्र अजून ठरवत असतात. उत्तर त्यांच्यासाठी लिहा. एवढं मनाशी पक्कं केलं की भाषेतला निम्मा विखार आपोआप जातो, कारण त्या गप्प माणसांनी तुम्हाला काहीच म्हटलेलं नसतं.

मुद्दा एका वाक्यात बांधा

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. वाद भरकटतात त्याचं मोठं कारण समोरच्याचा खोडसाळपणा नसतो. वाद नक्की कुठल्या वाक्यावर चालला आहे हे कुणीच ठरवलेलं नसतं. न्यायशास्त्रात या वाक्याला प्रतिज्ञा म्हणतात. ती आधी मांडायची, मग हेतू म्हणजे कारण, मग उदाहरण.

माझ्या त्या पोस्टमध्ये खरं तर चार वाक्यं एकात एक अडकलेली होती. पुलाला तडे गेलेत, हे घडलं की नाही याचं वाक्य; फोटो आणि अहवाल बघून सुटतं. निकृष्ट कामामुळे गेलेत, हे कारणाचं वाक्य. याला अभियंता लागतो. सार्वजनिक पैशाची अशी नासाडी अक्षम्य आहे, हे मूल्याचं वाक्य. यावर पुरावा चालत नाही, फक्त आपापल्या भूमिका स्पष्ट करता येतात. चौकशी व्हावी, हे कृतीचं वाक्य; यात खर्च, वेळ, पर्याय हे सगळं येतं. मी कृतीबद्दल बोलत होतो आणि मित्राने ऐकलं ते मूल्याचं वाक्य, ‘तुझ्या आवडीचं सरकार अक्षम्य आहे.’ पुढचे साठ मेसेज त्यावर गेले.

लिहिण्यापूर्वी तुमचं वाक्य यांपैकी कुठलं ते ठरवा. वाक्य असं असावं की ते खोटं ठरू शकेल. “हे सगळेच चोर आहेत” हे कशानेच खोटं पडत नाही, म्हणून त्यावर वादही होत नाही, नुसती शिवीगाळ होते. “या पुलाच्या कामाची तिसऱ्या, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झालेली नाही” हे एका कागदाने खोटं पडू शकतं. तिथे बोलण्यात अर्थ आहे.

फाटे कसे फुटतात

सगळ्यात जास्त भेटणारा फाटा म्हणजे “तेव्हा कुठे होता?” पुलाचं बोला, की “आधीच्यांच्या काळात धरणाची भिंत खचली तेव्हा का गप्प होतात?” हल्ली याला व्हॉटअबाउटरी म्हणतात. न्यायशास्त्रात वादात हरल्याच्या बावीस खुणा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं म्हणतात त्यांना, आणि त्यातली एक आहे मतानुज्ञा: आपल्या बाजूवरचा दोष न खोडता ‘तोच दोष तुमच्याकडेही आहे’ म्हणणं. नावातच मर्म आहे. अनुज्ञा म्हणजे मान्यता. जो म्हणतो ‘त्यांनीही तेच केलं’, त्याने ‘यांनी केलं’ हे कबूल केलेलं असतं. त्यामुळे चिडायचं कारण नाही. लिहावं, “धरणाचीही चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. मग पुलाची व्हावी यावर आपलं एकमत धरू?” अशा वेळी धरणाच्या बाजूने एक शब्दही बोलू नका. बोललात की वाद धरणावर गेला.

इथे एक सावधगिरी. मागचा संदर्भ काढणारा प्रत्येक जण बगल देत नसतो. तुमचं वाक्यच “इतकं वाईट काम आजवर झालं नव्हतं” असं तुलनेचं असेल, तर मागचा दाखला हा थेट पुरावा आहे. कुणी धोरणाचा खर्च मोजत असेल तर आधीच्या धोरणाचा खर्च विचारणं रास्तच आहे. आणि तुम्ही खरंच एकाच बाजूच्या चुका मोजत आला असाल, तर तो प्रश्न तुम्हाला टोचायलाच हवा. ‘व्हॉटअबाउटरी’ हा शब्द तोंडावर फेकून गैरसोयीची तुलना टाळणं, हीसुद्धा बगलच आहे.

दुसरा फाटा म्हणजे वडाची साल पिंपळाला. “जग युद्धाच्या उंबरठ्यावर आहे आणि तुम्हाला पुलाचं पडलंय.” दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. याला जुनं नाव अर्थांतर, हीदेखील हरल्याची खूण. याचं उत्तर म्हणजे पुन्हा मूळ वाक्य, पहिल्यापेक्षा आखूड. “युद्धाचा विषय मोठाच आहे, त्यावर वेगळं बोलू. पुलाच्या तपासणीबद्दल तुमचं काय मत?” युद्धावर उत्तम माहिती तुमच्याकडे असली तरी मोह आवरा. मला हे सगळ्यात जड जातं.

तिसरा, न बोललेलं वाक्य तोंडी घालणं; इंग्रजीत याला स्ट्रॉमॅन म्हणतात. तुम्ही म्हणालात चौकशी व्हावी, समोरचा म्हणतो, “म्हणजे तुम्हाला विकासच नको.” ‘म्हणजे’ या शब्दावर लक्ष ठेवा, मराठीतले अर्धेअधिक ध चे मा त्याच्या मागोमाग येतात. उत्तरात रागाने ‘मी असं कधी म्हणालो?’ लिहिण्याऐवजी आपलं मूळ वाक्य जसंच्या तसं चिकटवा आणि विचारा, “यातल्या कुठल्या शब्दातून तसं वाटलं?” कधी कधी खरंच आपल्या एखाद्या शब्दातून तसं वाटलेलं असतं. मग तो शब्द बदला, आणि बदलला असं सांगा.

शब्दाच्या दोन अर्थांवर खेळणं हा याचाच भाऊ. जुन्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, उदाहरण फार सुरेख आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसते! संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ होतात. याला वाक्छल म्हणत. आज हाच खेळ ‘स्वातंत्र्य’, ‘राष्ट्र’, ‘समानता’, ‘विकास’ या शब्दांवर चालतो. वाद तिथे अडकला की दोघांनी त्या शब्दाला थोडा वेळ बाजूला ठेवून, त्याच्याशिवाय आपलं म्हणणं लिहून पाहावं. कित्येकदा भांडण तिथेच संपतं.

चौथा, माणसावर घसरणं. “तुम्ही कधी एक वीट तरी उचललीत का?” वीट न उचललेल्या माणसालाही तडा दिसतो. मात्र बोलणारा त्याच कामाचा कंत्राटदार असेल, किंवा त्या पक्षाचा पगारी प्रचारक असेल, तर ते सांगणं गैर नाही. त्याने त्याचं विधान खोटं ठरत नाही, पण केवळ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असेल तर हे माहीत असायला हवं. शुद्धलेखन, जात, धर्म, वय, लिंग, प्रोफाइलचा फोटो यांचा विधानाशी कधीच संबंध नसतो. मित्राची वेलांटी काढून मी तेव्हा जे केलं, ते याच जातीचं होतं.

काही फाटे पटकन सांगतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ: अमुक सत्तेवर आले आणि तमुक वाढलं, म्हणून त्यांच्यामुळेच वाढलं. इथे विचारायचं, दोहोंच्या मधली साखळी कोणती, आणि जिथे ते सत्तेवर नव्हते तिथे काय झालं? शितावरून भाताची परीक्षा: एका समर्थकाची एक गलिच्छ कमेंट दाखवून सगळ्या पक्षाचं मोजमाप. भाताची परीक्षा शितावरून होते कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. आणि साध्यसम, म्हणजे जे स्वतःच अजून सिद्ध व्हायचं आहे ते कारण म्हणून देणं: “ते भ्रष्टाचार करूच शकत नाहीत, कारण प्रामाणिक माणूस भ्रष्टाचार करत नाही.”

शेवटचा फाटा सगळ्यात दमवतो: मुद्द्यांचा भडिमार. एकाच मेसेजमध्ये पंधरा आरोप, सहा लिंक, चार चित्रं. इंग्रजीत याला गिश गॅलप म्हणतात. उत्क्रांतीला विरोध करणाऱ्या ड्वेन गिश यांच्या वादशैलीवरून युजिनी स्कॉट यांनी १९९४ मध्ये हे नाव पाडलं. आणि २०१३ मध्ये अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन प्रोग्रामरने यातलं दुखणं नेमकं मांडलं: बाष्कळ विधान करायला जितकी शक्ती लागते, त्याच्या दसपट ते खोडायला लागते. म्हणून पंधराच्या पंधरा खोडायला बसू नका. त्यातला सगळ्यात भक्कम दिसणारा एक उचला आणि लिहा, “यातला तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा एक सांगा, नाहीतर मी हा घेतो.” सगळ्यात लेचापेचा मुद्दा उचलून बाकीचेही तसेच असं भासवणं सोपं असतं, पण वाचणाऱ्यांना ते कळतं.

आता एक पथ्य. ही नावं स्वतःला कळण्यासाठी आहेत. “हे अर्थांतर आहे”, “हा स्ट्रॉमॅन आहे” असं स्क्रीनवर लिहिलंत की वाद पुलावरून तर्कशास्त्रावर गेला, म्हणजे फाटा तुम्हीच फोडलात. शिवाय समोरच्याचा युक्तिवाद सदोष निघाला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. चुकीच्या वाटेनेही माणूस कधी कधी बरोबर ठिकाणी पोहोचलेला असतो.

उत्तर लिहिताना

निग्रहस्थानांच्या यादीत अननुभाषण नावाची एक खूण आहे: समोरच्याने सांगितलेलं, सभेला समजलेलं म्हणणं, तीनदा ऐकूनही परत मांडता न येणं. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगता येणं ही चर्चेत राहण्याची किमान पात्रता होती. मी आता उत्तराची पहिली ओळ तीच ठेवतो. “तुमचं म्हणणं असं आहे ना, की चौकशी लावली तर दुरुस्ती रखडेल आणि लोकांचे हाल होतील?” त्याने हो म्हणेपर्यंत पुढे जात नाही. वेळ लागतो, पण नुसत्या या एका ओळीने आवाज खाली आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

दुसऱ्या ओळीत, पटतं तेवढं मान्य करायचं, खरंच पटत असेल तरच. मग आपला एक मुद्दा, एकच, त्याच्या आधारासह. आणि शेवटी उत्तर देता येईल असा एक प्रश्न. “दुरुस्ती आणि तपासणी बरोबरीने करायला तुमची हरकत असेल का?” हा असा प्रश्न आहे. “लाज वाटत नाही का?” हा नाही. चार ओळींत हे बसतं. मोबाइलवर ‘आणखी वाचा’ दाबायला लागेल इतकं लांब लिहिलंत तर दाबणारे थोडेच.

आकडा, फोटो, व्हिडिओ यांना आधार म्हणून वापरण्याआधी मूळ शोधा. चित्राचा उलटा शोध घेतला, म्हणजे फोटोच शोधयंत्रात टाकला, की तोच फोटो पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या बातमीत सापडणं अगदी नेहमीचं आहे. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते पाहा. टक्केवारी असेल तर कशाची टक्केवारी ते विचारा. हे कंटाळवाणं काम का करायचं? एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले: खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि राजकीय खोट्याचा वेग इतर खोट्याहूनही अधिक होता. बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने चालणारी खाती, वगळूनही चित्र बदललं नाही. म्हणजे ती पसरवणारी माणसं होती, आपल्यासारखीच.

मग दुरुस्ती करून उपयोग होतो का? २०१० मध्ये एका अभ्यासात असं दिसलं होतं की चूक दाखवली की काही लोक उलट जास्तच घट्ट धरून बसतात. याची इतकी चर्चा झाली की ‘सांगून काही फायदाच नाही’ असा समज पसरला. नंतर थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, पन्नासहून जास्त विषय घेऊन तेच तपासलं आणि हा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. लोक दुरुस्ती स्वीकारतात. मात्र २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या विधानांवरच्या अभ्यासात दिसलं की तथ्य स्वीकारलं तरी उमेदवाराबद्दलचं मत हलत नाही. ही मोठी उपयोगाची माहिती आहे. एखाद्याने ‘हो, तडे गेलेत’ म्हटलं तर तिथे थांबा. त्याने पक्षही बदलावा असा आग्रह धरलात, तर मिळालेलंही जाईल.

स्वतःची झडती

१९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना २, ४, ६ असे तीन आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. त्यासाठी स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात का ते तो सांगणार. बहुतेकांनी ‘दोनदोनने वाढणारे’ असा अंदाज बांधला आणि तो खरा ठरवणारेच आकडे देत राहिले: ८, १०, १२. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. १, २, ३ विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपला अंदाज मोडेल असं विचारण्याचं फार थोड्यांना सुचलं.

पोस्ट टाकण्यापूर्वी मी आता हेच करून बघतो. हीच घटना मला आवडणाऱ्या पक्षाच्या राज्यात घडली असती तर मी हेच वाक्य लिहिलं असतं का? नावं अदलाबदल करून पोस्ट मोठ्याने वाचायची. जीभ अडखळली तर वाक्यात काहीतरी सडकं आहे. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा मी पोस्ट पुसली.

आणि चूक निघाली तर ती जिथे केली तिथेच कबूल करावी, त्याच धाग्यात, स्पष्ट शब्दांत. पोस्ट गुपचूप पुसली की स्क्रीनशॉट उरतो आणि तुमचं उत्तर उरत नाही.

कधी थांबायचं

माझा नियम: एका माणसाला एका मुद्द्यावर दोन उत्तरं, फार तर तीन. तिसऱ्यात नवीन काही नसेल तर ते लिहायचं नाही. समाजमाध्यमांची रचनाच अशी असते की प्रतिसाद वाढले की पोस्ट वर येते; तुम्ही ज्या खोट्याशी झगडता त्यालाच जास्त डोळे मिळवून देता. ट्रोलच्या कमेंटखाली उत्तर देण्याऐवजी दुरुस्ती वेगळी, स्वतंत्र पोस्ट म्हणून टाकावी. खोटं विधान मथळ्यात पुन्हा लिहू नये.

थांबण्याचीही रीत आहे. ‘मला कामं आहेत’ म्हणून निघून जाण्याला न्यायशास्त्रात विक्षेप म्हणत, आणि तीही हरल्याचीच खूण धरत. त्याऐवजी जाताना हिशोब मांडावा: “तडे गेलेत यावर आपलं एकमत. कारणावर मतभेद, अहवाल आला की पुन्हा बोलू. माझ्याकडून इथे थांबतो.” मग खरंच थांबायचं, पुढचा टोमणा कितीही झोंबला तरी. धमकी, खासगी माहिती उघड करणं, जातीधर्मावरून शिव्या इथे मात्र हिशोबही मांडायचा नाही. स्क्रीनशॉट घ्या, तक्रार करा, ब्लॉक करा.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर एकच काम करा. वाद पेटला की कोण चूक हे ठरवत बसू नका, मूळ पोस्ट पुन्हा वर आणा आणि लिहा, “विषय हा आहे, दुसऱ्या विषयासाठी वेगळा धागा काढा.” दोन्ही बाजूंना सारखंच लावलंत तर लोक मानतात.

आठ महिन्यांनी त्या मित्राला मीच मेसेज केला, खासगीत. त्या रात्रीचे मेसेज पुन्हा वाचले होते, त्याच्या रागाखालचं म्हणणं शोधत. लिहिलं, “तुझं म्हणणं असं होतं का, की आधी पूलच नव्हता तेव्हा लोक पाण्यातून जायचे, त्याबद्दल कधी कुणी पोस्ट टाकली नाही, आणि आता झालाय तर फक्त तडे दिसतायत?” बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, “हो. एवढंच म्हणत होतो. माझी आई जायची त्या पाण्यातून.” आणि थोड्या वेळाने दुसरं: “अहवाल आला का रे तो?”